वाचक विचारतात : 'बेचिराख'मधली राख कुठून आली?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त नासधुशीची. म्हणजे बेचिराख, नेस्तनाबूत, गाढवाचा नांगर असलंच सगळं. गेल्या अंकात एका लेखात 'बेचिराख' शब्द आला होता, त्यावरून हे सुरू झालं असावं. तर यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेऊ. ज्यांनी जोडाक्षरांबद्दल विचारलंय त्यांनी जरा थांबा, एकाचं उत्तर मात्र शेवटी दिलंय कारण तेही याच घराण्यातलं आहे.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात सातवीला मराठी शिकवते. वाचनाच्या तासाला 'शत्रूने गावेच्या गावे बेचिराख केली' असं वाक्य आलं, मी सांगितलं की जळून राख झाली. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "राख कळली मॅडम, पण बेचि म्हणजे काय?" मी पुढचा उतारा वाचायला घेतला. आता तुम्हीच सांगा.

मॅडम, आधी त्या मुलाला शाबासकी द्या, कारण त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. 'बेचि' असं काही नाहीच. शब्द आपण चुकीच्या ठिकाणी तोडतोय. तो 'बेचि-राख' नाही, 'बे-चिराख' आहे. बे म्हणजे शिवाय, विना, जो आपल्याला बेघर, बेरोजगार, बेइमान मध्ये दिसतो (आणि आपण तो इतका आपलासा केलाय की चव या घरच्या शब्दालाही लावून बेचव करून टाकलं). आणि चिराख म्हणजे चिराग. दिवा. फारसीतला बेचिराग, म्हणजे जिथे दिवा नाही असं. राखेचा संबंध मुळात शून्य.

आता दिवा नसणं म्हणजे एवढं काय मोठं, असं आजच्या पोरांना वाटेल, लाइट गेली की आपणही बेचिराखच म्हणायचं का. पण वीज नसलेल्या काळातलं गाव डोळ्यांसमोर आणा. तिन्हीसांजेला लांबून येणाऱ्या माणसाला गाव ओळखू यायचं ते दिव्यांवरून. दिवा आहे म्हणजे तेल घालणारं, वात लावणारं कुणीतरी घरात आहे. आपल्याकडेही वंशाचा दिवा, कुळाचा दिवा म्हणतात, आणि 'घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही' हे वाक्य खेड्यात अजून ऐकू येतं, त्याचा अर्थ सगळ्यांना लागतो, कुणी काडेपेटी शोधायला जात नाही. तर बेचिराख गाव म्हणजे ज्या गावात एकाही घरात दिवा लागत नाही ते. माणसं मेली असतील, पळाली असतील, पोटामागे देशोधडीला लागली असतील. भिंती उभ्या असतील, आडाला पाणी असेल, देवळाचा कळससुद्धा शाबूत असेल, तरी गाव बेचिराख.

म्हणून तर आग न लागताही गावं बेचिराख व्हायची. 1630 ते 1632 चा दख्खनचा दुष्काळ घ्या, ज्यात तुकोबांच्या घराचीही दैना झाली. त्या दुष्काळात कोणी गावागावांना पेटवत फिरलं नव्हतं, पाऊस नाही, दाणा नाही, जनावरं मेली आणि माणसं उठून गेली. मराठेशाहीच्या कागदांत गाव बेचिराख पडला होता, मग कौल (अभयाचं लेखी वचन) देऊन रयत बोलावली आणि पुन्हा लावणी-वसाहत केली, अशी भाषा येते. नव्याने येणाऱ्याला पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा आणि मग वर्षावर्षाला चढता, त्याला इस्तावा म्हणत. म्हणजे बेचिराख हा शब्द नुसता युद्धाच्या वर्णनाचा नाही, तो महसुलाचा शब्द आहे, आणि त्याला उपाय असायचा. राख झालेली वस्तू परत येत नाही, बेचिराख झालेलं गाव परत वसतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

मग राख घुसली कशी? दोन गोष्टी झाल्या. एक तर शेवटच्या ग चा आपण ख केला. परक्या शब्दाच्या शेवटी असं मऊ अक्षर आलं की मराठी जीभ बरेचदा ते कडक करते, मदद चं मदत, पसंद चं पसंत, सफेद चं बोलण्यात सफेत, तसं चिराग चं चिराख. आणि ख झाल्याबरोबर शेवटी 'राख' ही ओळखीची दोन अक्षरं तयार मिळाली. त्यात गावं लुटणारे बरेचदा ती जाळायचेही, मग कानाला आणि डोळ्याला दोन्ही पटलं आणि अर्थ हळूहळू दिव्याकडून राखेकडे सरकला. हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला त्याबद्दल मराठीत लिहिताना हात आपोआप 'बेचिराख'कडेच जातो, आणि तिथे तो चपखल बसतो, कारण राखही झाली आणि दिवेही विझले.

आता वर्गात शिकवायचं काय? 'जळून राख' ला चूक देऊ नका, शंभरातली नव्वद माणसं त्याच अर्थाने वापरतात आणि भाषा तशीच चालते. पण एक पथ्य सांगा, की हा शब्द वस्तीला लावायचा. गाव, शहर, पेठ, मुलूख, घराणं. दुकानाला आग लागली तर 'दुकान जळून खाक' म्हणा, गवताची गंजी जळाली तर तीही खाकच. (खाक म्हणजे फारसीत राख नव्हे बरं, माती, धूळ, त्यावरूनच खाकी रंग. पण हे त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आत्ताच सांगू नका, तास संपायचा नाही.)

प्रश्न : नागपूरजवळ प्लॉट बघत होतो. कागदावर मौजा अमुक (रिठी) असं लिहिलंय. एजंट म्हणतो रिठी म्हणजे रिकामं गाव, वडील म्हणतात त्याला बेचिराख गाव म्हणतात. मला 'बेचिराख' वाचून धडकी भरली, तिथे काय लढाई झाली होती का? घ्यावा का प्लॉट?

प्लॉट घ्यावा की नाही ते वकिलाला विचारा, इथे फक्त शब्दांचे सातबारे मिळतात. पण वडील आणि एजंट दोघंही बरोबर आहेत. रिठ किंवा रिठी म्हणजे महसुली दप्तरात नाव, नकाशा, शीव म्हणजे हद्द सगळं असलेलं पण माणूस न राहणारं गाव. विदर्भात असल्या नावांची कमी नाही, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा नंबरच्या शेजारी कंसात रिठी दिसतंच. बाकी महाराष्ट्रात उजाड किंवा ओसाड गाव म्हणतात, आणि जुन्या कागदात बेचिराख. हे फक्त आपल्याकडचं नाही, उत्तर प्रदेशात आजही 'बेचिरागी गाँव' म्हणतात आणि पंजाबच्या महसुलातही बेचिराग हाच शब्द आहे. तिकडे ग शाबूत राहिला त्यामुळे राखेचा घोटाळा झाला नाही.

लढाईच व्हायला हवी असं नाही. कुठे पटकीची साथ आली असेल, कुठे पाणी आटलं असेल, कुठे शेजारच्या गावात बाजार मोठा झाला म्हणून चार घरं तिकडे सरकली असतील आणि शेती मात्र इकडेच राहिली. जनगणनेत अशी गावं वेगळी दाखवतात, 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 43 हजारांवर गावांपैकी अडीच हजारांहून जास्त गावं निर्जन होती. म्हणजे वहीत गाव, जमिनीवर नुसती शेतं, फार तर एखादा पडका मारुती आणि चिंचेचं झाड. जुनी वस्ती जिथे होती ती जागा लोक अजून 'पांढरी' म्हणून दाखवतात, तिथली माती राखट पांढुरकी असते, नांगर घातला की खापरं वर येतात. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही जोडी लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आणि 'ओसाड गावची पाटीलकी' ही म्हण आता नीट कळेल. माणसं गेली तरी पाटलाचं वतन कागदावर राहायचं, मान होता पण मान द्यायला कुणी नव्हतं. आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचं सध्या तेच चाललंय, असो.

प्रश्न : आमच्या आजीचं भांडण टोकाला गेलं की ती म्हणायची, 'तुझ्या घरावर गाढवाचा नांगर फिरो.' हे पुण्यात खरंच घडलं होतं असं म्हणतात. पण गाढवच का? आणि घरावर नांगर कसा फिरेल?

पुण्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1630 च्या सुमारास, म्हणजे वरच्या दुष्काळाच्याच दिवसांत, आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, पाडलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली असंही परंपरेने सांगतात. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी पुण्यात आले आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ती जमीन पुन्हा शुभ केली, ही गोष्ट तर पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

पण ही रीत त्याहून फार जुनी आहे आणि ते मला जास्त मजेशीर वाटतं. ओडिशात भुवनेश्वरला उदयगिरीच्या टेकडीवर हाथीगुंफा आहे, तिथे कलिंगाचा राजा खारवेल याचा ब्राह्मीतला प्राकृत लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या अकराव्या ओळीत पिथुंड नावाच्या शहराबद्दल जे वाचलं गेलंय त्यात 'गदभ-नंगलेन' असे शब्द आहेत. गदभ म्हणजे गाढव, नंगल म्हणजे नांगर. भाषांतर करायची गरज आहे का? तुमच्या आजीने खारवेलाचा लेख वाचला नव्हता तरी दोघांची शिवी एकच.

आता 'कसा फिरेल'. घरं आधी पाडायची, मग ती जागा नांगरायची. पांढरीवर नांगर घालायचा म्हणजे ती काळी करून टाकायची, इथे आता वस्ती नाही आणि होणार नाही हे जमिनीवरच लिहायचं. बैल जुंपला असता तर ती नुसती शेती झाली असती, बैलाला आपण पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतो. गाढव जुंपलं की अपमान आणि अशुभ दोन्ही पक्कं. शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ तुम्ही पाहिले असतील, कोकणात बरेच आहेत, दानाचा हुकूम कोरलेला दगड, वर सूर्यचंद्र आणि खाली गाढवाचं इतकं ओंगळ चित्र की हुकूम मोडणाऱ्याला मिळायचा शाप अक्षर न येणाऱ्यालाही वाचता यावा. दोन्हीकडे गाढवाला कामाला लावलंय ते याचसाठी, बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही.

तेव्हा गाढवाचा नांगर आणि बेचिराख हे सख्खे शेजारी शब्द आहेत, दोन्ही वस्ती मोडण्याचे. फरक एवढाच की बेचिराख आपोआपही होतं, नांगर मात्र कुणीतरी मुद्दाम फिरवावा लागतो.

प्रश्न : नेस्तनाबूत की नेस्तनाबूद? हिंदी न्यूज चॅनलवर द ऐकू येतो, आपल्याकडे त.

मराठीत त. वर मदद-मदत सांगितलंय तोच प्रकार. मूळ फारसी शब्दात नेस्त म्हणजे 'नाही' आणि नाबूद म्हणजे 'नव्हतं', मध्ये 'आणि' अशा अर्थाचा छोटा ओ. म्हणजे आता नाही आणि जणू कधी नव्हतंच.

प्रश्न : मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दरड असो, पूर असो, बातमीदार 'होत्याचे नव्हते झाले' लिहून पाठवतात. मी दर वेळी काढतो. मी फार कडक आहे का?

नाही, दुकानात पाणी शिरलं तेवढ्यासाठी काढत असाल तर मुळीच नाही. पण ठेवायची जागाही माहीत असू द्या. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला, तेव्हा ते आधी लक्षात आलं एसटीच्या ड्रायव्हरच्या. सकाळी गाडी घेऊन नेहमीच्या रस्त्याने आला आणि समोर गावच नाही, चिखलाचा डोंगर. काल संध्याकाळी होतं, आज नव्हतं. तिथे हे तीन शब्द जसेच्या तसे खरे आहेत, त्याला दुसरा कुठला शब्द तुम्ही घालणार? वरच्या उत्तरातला नेस्तनाबूत अर्थाने याचाच जुळा भाऊ, पण तो माळीणला चालणार नाही, कारण नेस्तनाबूत करायला करणारा लागतो, फौज लागते, हेतू लागतो. डोंगराला हेतू नसतो. 

आणि तुमच्या हातात कात्री आहेच तर अजून एका शब्दावर चालवा. 'नायनाट'. हा शब्द ढेकूण, झुरळं आणि कपाशीवरच्या बोंडअळीसाठी औषधाच्या जाहिरातीत शोभतो. माणसांच्या एखाद्या गटाचा नायनाट करू असं भाषणात कुणी म्हटलं तर ते अवतरणात छापा, बोलणाऱ्याचं नाव घालून, पण स्वतःच्या मथळ्यात उचलू नका. रोगाला निर्मूलन म्हणतात, मुळासकट काढणं, देवी रोगाचं झालं तसं, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. त्याला नायनाट म्हटलं तरी हरकत नाही, देवीच्या विषाणूला वाईट वाटणार नाही.

प्रश्न : पानिपतावरून मराठीत किती शब्द आले? आणि 'खुर्दा उडणे' त्यातलाच ना?

'पानिपत होणे' तर सरळच आहे, 14 जानेवारी 1761. आज ही तारीख संक्रांतीची म्हणून ओळखीची आहे, त्यामुळे 'संक्रांत कोसळणे' पण तिथूनच आलं असं लोक छातीठोक सांगतात, मी सांगणार नाही, कारण संक्रांत ही देवी दर वर्षी कुठल्या वाहनावर बसून कुणावर येते हे पंचांगात बघायची पद्धत आहे आणि शब्दाला तेवढं कारण पुरेसं आहे.

खुर्दा मात्र पानिपतातून आला नाही, पानिपतात वापरला गेला. खुर्दा म्हणजे सुट्टी नाणी, चिल्लर, बारीक तुकडे. मोठं नाणं मोडलं की खुर्दा होतो, तसा सैन्याचा खुर्दा. नानासाहेब पेशव्यांना हरल्याची बातमी कळली ती सावकारी भाषेतल्या चिठ्ठीतून, हे तुम्ही ऐकलं असेल: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीचे, ज्यांची नावं कुणाला पाठ नाहीत. शब्द वेगवेगळ्या पाठांत थोडे बदलतात पण सांगाडा हाच. त्या चिठ्ठीत 'नाश' हा शब्द कुठेही नाही, नुसता जमाखर्च आहे, आणि तरी वाचवत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितेय. इथे वाढलेली माझी मुलगी मराठी बोलते पण जोरात. काल पोळी करपली तर म्हणाली, "आई, पोळी बेचिराख झाली." दिवाळीच्या नाटकाची तालीम बिघडली तर म्हणे "नाटक नेस्तनाबूत झालं." हसावं की सुधारावं?

आधी हसा. मग सुधारा, पण पोरीचा उत्साह न मारता. तिला सांगा की मराठीत घरगुती नासाडीचं खातं वेगळं आहे आणि ते फार श्रीमंत आहे. पोळी करपली तर पोळीचा कोळसा झाला. लाडू वळताना फुटले तर बट्ट्याबोळ. तालीम बिघडली तर विचका झाला, आणि प्रत्येक जण आपलंच खरं करत असेल तर खेळखंडोबा. डाळभात एकत्र कालवून ताटात नुसतं चिवडत बसलीस तर मातेरं केलंस. परीक्षेचं, शेतीचं, पोराच्या आयुष्याचं होतं ते वाटोळं, आणि ते नेहमी कुणीतरी दुसऱ्याने केलेलं असतं हे पण सांगा. क्रिकेटमध्ये समोरची टीम पन्नासात ऑलआउट झाली तर धुव्वा. शेवटचं, कुटुंब किंवा फौज चार दिशांना पांगली तर वाताहत, वात म्हणजे वारा आणि आहत म्हणजे झोडपलेलं, वाऱ्याने उधळून लावलेलं. त्याला वाताहात असा काना देऊ नका, बरेच जण देतात.

एवढे शब्द हाताशी आले की पोळीसाठी बेचिराख तिला आपसूकच मोठा वाटायला लागेल. नाही वाटला तर राहू द्या, न्यू जर्सीत बसून ती बेचिराख म्हणतेय हेच खूप झालं.

प्रश्न : 'उध्वस्त' बरोबर की 'उद्ध्वस्त'? सगळीकडे पहिलाच दिसतो.

दुसरा. उद् अधिक ध्वस्त, म्हणून द आणि ध दोन्ही हवेत, पाट्यांवर आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीवर द सर्रास गळालेला असतो. मोबाइलवर उ, मग द, पाय मोडायचं चिन्ह, ध, पुन्हा पाय मोडायचं चिन्ह, व असं क्रमाने दाबा, येतो बरोबर.